माहिती, वृत्ती आणि बिबट्या

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळाशाळांतून वन्यजीव सप्ताह साजरा होतो. पाहुणे येतात, चित्रकला आणि निबंध स्पर्धांची बक्षिसे वाटली जातात, आणि समारोपाच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : 'लोकांमध्ये जागृती झाली पाहिजे.' या वाक्याला कोणी हरकत घेत नाही. हरकत घेण्यासारखे त्यात वरवर पाहता काही नसतेच. परंतु नीट पाहिले तर या साध्या वाक्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. लोकांना माहिती नाही म्हणून ते वन्य प्राण्यांशी वाईट वागतात. माहिती दिली की त्यांची वृत्ती बदलेल. वृत्ती बदलली की वर्तन बदलेल. आणि वर्तन बदलले की प्राणी वाचतील. एकाला एक जोडलेल्या या चार कड्या आहेत. विज्ञानाचे शिक्षक या नात्याने आपण कोणताही सिद्धान्त तपासून घेतो. मग हाच तेवढा न तपासता का स्वीकारायचा? या लेखात आम्ही त्या साखळीची एकेक कडी हातात घेऊन ओढून पाहणार आहोत.

या साखळीला शासकीय आणि आंतरराष्ट्रीय मान्यता मिळून बराच काळ लोटला. १९७७ च्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या सोव्हिएत संघराज्यातील तिबिलिसी येथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून एक परिषद भरवली. तिच्यात पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे ठरली : जाणीव, ज्ञान, अभिवृत्ती, कौशल्ये आणि सहभाग. आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पर्यावरणाला स्थान मिळाले. १९९१ साली मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा असे सांगितले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. तिबिलिसीच्या पाच उद्दिष्टांपैकी आपल्या वर्गांत प्रत्यक्षात काय घडते? पहिली दोन शिकवली जातात, तिसरे आपोआप येईल अशी आशा केली जाते आणि शेवटच्या दोहोंना वेळ उरत नाही. हा दोष एकट्या शिक्षकाचा नाही. परीक्षेत विचारता येते तेच शिकवले जाते.

आता पहिली ओढ. १९८६-८७ साली हाइन्स, हंगरफोर्ड आणि टोमेरा या तीन अमेरिकन संशोधकांनी तोपर्यंत झालेल्या १२८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. पर्यावरणपूरक वर्तनाचा कशाकशाशी संबंध लागतो, हा त्यांचा प्रश्न होता. ज्ञान आणि वर्तन यांच्यातील सहसंबंध गुणक निघाला सुमारे ०.३०, अभिवृत्ती आणि वर्तन यांच्यातील सुमारे ०.३५. सहसंबंध गुणकाचा अर्थ शिक्षक बंधुभगिनींना नव्याने सांगायला नको. त्याचा वर्ग केला की ०.०९ आणि ०.१२ मिळतात. म्हणजे माणसामाणसांच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यापैकी नऊ टक्क्यांचा मेळ ज्ञानाशी आणि बारा टक्क्यांचा अभिवृत्तीशी लागतो. बाकीचे कारण दुसरीकडे आहे. त्यातही, या अभ्यासांपैकी पुष्कळांत 'वर्तन' म्हणजे लोकांनी स्वतःच प्रश्नावलीत सांगितलेले वर्तन होते. माणूस स्वतःबद्दल जरा बरेच बोलतो, हे ध्यानात घेतले तर खरा आकडा याहूनही लहान असण्याचा संभव आहे. सगळ्यांत मोठा सहसंबंध, सुमारे ०.४९, होता तो 'मी अमुक करीन' असा शब्द देण्याशी.

बोलणे आणि वागणे यांत किती अंतर असू शकते, हे दाखवणारा जुना प्रयोग रिचर्ड लापियर या समाजशास्त्रज्ञाचा आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह होता. लापियर एका तरुण चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडला. अडीचशे खाणावळी आणि उतरण्याच्या जागा झाल्या. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर त्याने त्याच ठिकाणांना पत्रे पाठवली : 'आपण चिनी पाहुणे घ्याल काय?' ज्यांनी उत्तरे दिली त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' कळवले. १९३४ साली हे प्रसिद्ध झाले. इथे वृत्ती वाईट आणि वागणे बरे होते. आपल्या वन्यजीव सप्ताहात बहुधा याच्या उलट असते, एवढाच काय तो फरक.

परंतु आकड्यांनी साखळी कमकुवत ठरते, तुटत नाही. ती कुठे तुटते हे पाहायचे तर पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जायला हवे.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वन विभागात येतात. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्यांनी पाणी आले आणि पाण्यामागून ऊस आला. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. दाट, थंड, पाण्याजवळ आणि माणसाचा वावर कमी. बिबट्याच्या मादीला पिले घालायला याहून चांगली जागा कोणती? त्या भागातील बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी उसाबाहेरचे जंगल पाहिलेलेही नाही. ऊसतोडणीच्या वेळी टोळीतल्या बायामाणसांना सरीत पिले सापडतात, ती याचमुळे.

२००१ ते २००३ या काळात तेथे बिबट्यांचा प्रश्न गाजू लागला. लोकांनी पिंजरे मागितले, वनखात्याने लावले. पकडलेल्या बिबट्यांचे करायचे काय? मारणे कायद्याने आणि मनानेही नको होते. तेव्हा सर्वांना पटेल असा मार्ग निघाला : त्यांना त्यांच्या 'घरी' म्हणजे जंगलात नेऊन सोडायचे. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर दूरच्या वनक्षेत्रांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सर्व नोंदी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. स्थलांतराचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांपैकी जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झाले. शिवाय हे हल्ले कुठेही विखुरलेले नव्हते. जिथे बिबटे सोडले त्या परिसरात ते जास्त होते.

असे का व्हावे, हे समजण्यासारखे आहे. बिबट्या आपल्या हद्दीत राहतो. पाणवठे, लपायच्या जागा, कुत्री केव्हा कुठे असतात, माणसे कोणत्या वाटेने जातात, हे सारे त्याला ठाऊक असते. माणसाला टाळणे त्याला जमते ते या ओळखीमुळेच. पकडलेला, भेदरलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला की ही ओळख जाते. तो परत निघतो, आणि वाटेत गावे लागतात. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या व्यापतो, त्यामुळे मूळ गावाचीही सुटका होत नाही. परत निघण्याची ही ओढ किती जबर असते, याचे उदाहरण पुष्कळांना माहीत असेल. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक मोठा नर गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. संशोधकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. तो महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या दिशेने गेला. वाटेत त्याने कोणाला ओरखडाही काढला नाही. त्याच्यावर २०१४ मध्ये चित्रपटही निघाला. आजोबा स्वतः मात्र २०११ मध्येच महामार्गावर वाहनाखाली सापडून मेला होता.

आता आमचा मुद्दा. या सगळ्या प्रकरणात वृत्ती कोणाची वाईट होती? बिबट्या मरू नये असे वाटणाऱ्या माणसांनीच त्याला जंगलात सोडले. त्यांच्या मनात करुणा होती, कायद्याविषयी आदर होता. चुकीची होती ती माहिती. आणि ही माहिती अडाण्याची नव्हती. ती शाळेत शिकलेल्या माणसाची होती. प्राथमिक शाळेतला 'जोड्या लावा' हा प्रश्न आठवून पाहा. एका बाजूला गाय, घोडा, चिमणी, वाघ. दुसऱ्या बाजूला गोठा, तबेला, घरटे, गुहा किंवा जंगल. प्रत्येक प्राण्याला एक घर, आणि वन्य प्राण्याचे घर म्हणजे वन. सातव्या वर्षी पक्की झालेली ही जोडी पुढे आयुष्यभर सुटत नाही. म्हणून उसात जन्मलेला बिबट्या उसात दिसला की वर्तमानपत्रात बातमी येते, 'बिबट्या मानवी वस्तीत शिरला'. 'भरकटला' आणि 'घुसखोरी' हे शब्दही त्याच जोडीतून आलेले. शिरला म्हटल्यावर बाहेर काढणे आलेच. एका चुकीच्या क्रियापदातून पिंजऱ्याची मागणी निघते.

वस्तुस्थिती कशी आहे हे अकोले तालुक्यातील अभ्यासाने दाखवले. आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून केलेला हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या प्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळजवळ तितकेच तरसही. त्यांची विष्ठा तपासली तेव्हा खाद्यापैकी ८७ टक्के वजन पाळीव प्राण्यांचे निघाले; एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, शेळ्यांचा ११. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक. पण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे उकिरड्यावर. या एका आकड्यात गावाने काय करावे याचे निम्मे उत्तर आहे.

मुंबईत काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती २००४ च्या सुमारास बिबट्यांच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला होता. पुढे २०११ पासून वनखाते, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून तेथे जे काम केले, त्यात पत्रकारांबरोबर बसून बातमीतली भाषा सुधारणे हा एक महत्त्वाचा भाग होता. कचरा उचलणे, रात्री मुलांना एकटे न सोडणे, बिबट्या दिसल्यावर गर्दी न करणे, यांवर भर होता. 'बिबट्यावर प्रेम करा' असे सांगण्यात त्यांनी फारसा वेळ घालवला नाही. आमच्या मते हे शहाणपणाचे होते.

मात्र इथे थांबून दुसरी बाजू सांगणे भाग आहे, नाहीतर ही टीका एकांगी होईल. 'सहजीवन' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली, त्यांत दोन मुले होती. ज्या वस्तीवर पहाटे उसाला पाणी द्यायला जावे लागते, कारण शेतीपंपाची वीज रात्रीच मिळते, तेथल्या माणसाला 'बिबट्याला समजून घ्या' असे पुण्या-मुंबईहून सांगणे सोपे आहे. बिबट्याविषयी चांगली वृत्ती बाळगायला शहरातल्या माणसाला काही मोजावे लागत नाही. शेतातल्या माणसाला मोजावे लागते. दोघांना एकच प्रश्नावली देऊन 'ग्रामीण लोकांची अभिवृत्ती प्रतिकूल' असा निष्कर्ष काढणारे अभ्यास आम्हाला म्हणूनच अपुरे वाटतात. त्या शेतकऱ्याची वृत्ती बदलण्याआधी विजेचे वेळापत्रक बदलायला हवे, आणि ते काही पर्यावरणाच्या तासाला होत नाही.

वृत्ती चांगली असूनही अनर्थ कसा होतो, याचे याहून मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्यांना कोणी मारले नव्हते. कोणाच्या मनात त्यांच्याविषयी वैर नव्हते; पारशी समाजाला तर ती अंत्यविधीसाठी हवीच होती. २००३ मध्ये कारण सापडले आणि २००४ च्या आरंभी ते प्रसिद्ध झाले : जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. गणिताने असे दिसले की शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत, ०.१३ ते ०.७५ टक्के इतक्यांतच, हे औषध घातक प्रमाणात असले तरी गिधाडांची अशी घट होऊ शकते. आजारी बैलाला आराम पडावा म्हणून शेतकऱ्याने डॉक्टर बोलावला, इंजेक्शन दिले. यात कोणाची वृत्ती सुधारणार? उपाय झाला तो निराळ्याच मार्गाने. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध उपलब्ध असल्याचे दाखवण्यात आले, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला. २०२३ मध्ये आणखी दोन औषधांवर बंदी आली. बाटली लहान करण्याने जे साधले ते हजार भित्तिपत्रकांनी साधले नसते. पर्यावरणाच्या पाठात गिधाड 'निसर्गाचा सफाई कामगार' म्हणून येते आणि तेवढ्यावर पाठ संपतो. ही औषधाची गोष्ट जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि नागरिकशास्त्र यांच्या शिक्षकांनी मिळून शिकवावी अशी आहे. तीवर एखादी पूर्ण चाचणी घेता येईल.

काही जण म्हणतील, शाळेचे सोडा, आपल्या परंपरेत हे सारे आहेच. पालघर-ठाण्याकडे वारली लोक वाघोबाला पुजतात. लाकडावर वा दगडावर कोरलेला वाघ, सूर्य, चंद्र असलेली त्याची स्थाने आजही आहेत. अकोल्याकडच्या आदिवासी पाड्यांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस साजरी होते. संशोधकांनी या श्रद्धांचा गेल्या काही वर्षांत बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून जे दिसते ते भाबड्या 'निसर्गपूजे'पेक्षा अधिक रोखठोक आहे. वाघोबाशी केलेला तो एक करार आहे : आम्ही तुझा मान ठेवू, तू आमची गुरे आणि माणसे राख. करार मोडला तर रागही येतो, नुकसानभरपाईसाठी अर्जही होतो. श्रद्धेने नुकसान सोसण्याची ताकद वाढते, नुकसान नाहीसे होत नाही. नागपंचमीला नाग पुजणारा माणूस घरात साप निघाल्यावर काठीच शोधतो, हे आपण पाहतोच. परंपरेचे गोडवे गाणारे भाषण आणि जागृतीचे भाषण या दोहोंत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींचा भर मनावर. गोठ्याच्या दाराकडे कोणाचेच लक्ष नाही.

मग शिक्षणाने काहीच होत नाही काय? होते; पण कोणत्या शिक्षणाने, हे विचारले पाहिजे. नागालँडमधील पांगटी गावाचे उदाहरण नेहमी 'जागृतीचा विजय' म्हणून दिले जाते. सैबेरिया आणि चीनच्या उत्तर भागातून आफ्रिकेत जाणारे अमूर ससाणे ऑक्टोबरात डोयांग जलाशयाभोवती उतरतात. २०१२ मध्ये तेथे मासेमारीच्या जाळ्यांत दररोज हजारो पक्षी धरले जात असल्याचे उघड झाले. त्या हंगामाचा एकूण अंदाज लाखाच्या वर गेला. पुढच्याच वर्षी ही शिकार थांबली. एका वर्षात सगळ्या गावाची अभिवृत्ती पालटली असे कोणी म्हणेल तर आम्हाला ते पटणार नाही. गावाच्या परिषदेने ठराव केला, दंड ठेवला, चर्चने शब्द टाकला, वनखात्याने पहारा दिला, आणि मुलांसाठी निसर्गमंडळे निघाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली. त्यांना नावे दिली नागा, वोखा आणि पांगटी. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचला हे गावाने पाहिले. वर्तन आधी बदलले, ठरावाने. वृत्ती मागाहून आली, अभिमानाने. साखळी उलटीही चालते, हे इथे दिसते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासलाही थोडेफार असेच झाले. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने समुद्रकासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी उकरून खाल्ली वा विकली जात, ती कुंपणाच्या आत पुरून ठेवली जाऊ लागली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, आणि चार पैसे येऊ लागले. पैशामुळे आलेली वृत्ती खरी नव्हे, असे म्हणणारे शुद्धतावादी भेटतात. अंड्यातून बाहेर पडून पाण्याकडे निघालेल्या पिलाला हा भेद कळत नाही.

शाळेकडे परत येऊ. प्राण्यांविषयीच्या वृत्तींचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील स्टीफन केलर्ट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केला. त्यांनी वृत्तींचे दहाएक प्रकार पाडले : उपयुक्ततावादी, नैतिक, सौंदर्यवादी, प्रभुत्वाची, भीतीची, वैज्ञानिक कुतूहलाची इत्यादी. यादी उपयोगी आहे, कारण 'प्रेम' आणि 'द्वेष' या दोनच कप्प्यांत विचार करण्याची सवय तीमुळे सुटते. तिच्यावर आमचा आक्षेप एवढाच की कागदावरच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे म्हणजे बोलणे, आणि बोलण्याचे काय होते हे लापियरने दाखवले आहे. परंतु केलर्ट आणि वेस्टरव्हेल्ट यांनी कनेक्टिकट राज्यातील दुसरी, पाचवी, आठवी आणि अकरावीच्या मुलांवर केलेला अभ्यास शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा. दुसरी ते पाचवी या काळात प्राण्यांविषयीचा जिव्हाळा वाढला. पाचवी ते आठवीत प्रत्यक्ष माहितीत मोठी भर पडली. आठवी ते अकरावीत नैतिक आणि परिसंस्थेविषयीचा विचार वाढीला लागला. ही मुले एका परक्या राज्यातील आहेत, म्हणून हा क्रम जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. तरी एक शंका येते. आपण लहान मुलांना 'निसर्गाचा समतोल' हे अमूर्त सूत्र पाठ करायला लावतो, आणि दहावीच्या मुलांकडून 'वाघ वाचवा' असे घोषवाक्य रंगवून घेतो. दोघांचीही वये आणि कामे यांची अदलाबदल झालेली आहे. सहावी-सातवीतल्या मुलाला हवी असते ती नेमकी, स्वतः पडताळून पाहता येणारी माहिती. त्याच वर्षांत आपण त्याला भावनिक निबंध लिहायला बसवतो.

निबंधाविषयी जरा स्पष्ट बोलू. 'वृक्ष आपले मित्र', 'मी बिबट्या बोलतोय' यांसारख्या निबंधांतून मूल भाषा शिकत असेल. पण पर्यावरणाबाबत ते एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे परीक्षकाला काय आवडते. त्याला बिबट्या कुठे राहतो हे ठाऊक नसताना बिबट्याच्या तोंडून रडवणे हे विज्ञान नव्हे. शिवाय या लेखनात दोषी नेहमी एकच असतो : 'माणूस'. कोणता माणूस, कोणत्या गावचा, कोणत्या खात्याचा, हे त्यात कधी येत नाही. 'माणूस स्वार्थी झाला' असे लिहिले की कोणालाच काही करावे लागत नाही.

हंगरफोर्ड आणि व्होल्क यांनी १९९० मध्ये पर्यावरण शिक्षणाच्या या सरळ साखळीवर टीका करताना दोन गोष्टींवर बोट ठेवले होते : प्रश्न आपला आहे असे वाटणे, आणि आपण त्यात काही करू शकतो असा अनुभव असणे. दुसरी गोष्ट सांगून येत नाही, करूनच येते. जुन्नरकडची ऊसतोडणी याचे चांगले उदाहरण आहे. पूर्वी सरीत पिले सापडली की ती उचलून नेली जात आणि मादी बिथरत असे. आता वनखात्याचे कर्मचारी आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर येऊन पिले तपासतात, संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवतात आणि माणसे दूर होतात. बहुतेक वेळा रात्रीतून मादी येऊन पिले घेऊन जाते. टोळीला जे शिकायला हवे ते तीन वाक्यांचे आहे : हात लावू नका, फोन करा, थांबा. तिबिलिसीच्या यादीत हे चौथ्या क्रमांकावर येते, कौशल्य या नावाखाली.

बिबट्याच्या टापूतल्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांकडून एक वही करून घेता येईल. आठवडाभर रोज सायंकाळी, अंधार पडण्याच्या आत आणि मोठ्या माणसांबरोबर, गावठाणात फिरून नोंदी करायच्या. मोकाट कुत्री किती आणि कुठे जमतात. मटणाच्या दुकानातला कचरा कुठे टाकला जातो. किती गोठ्यांना चारी बाजूंनी भिंत किंवा जाळी आहे, किती उघडे आहेत. वस्तीपासून शाळेपर्यंतच्या वाटेवर ऊस किती फुटांवर येतो. घराबाहेर शौचाला जाणारे किती. वाटेवरच्या खांबांपैकी किती खांबांवर दिवा लागतो. शेतीपंपाची वीज कोणत्या वारी किती वाजता येते. हे सगळे गावाच्या नकाशावर मांडले की धोक्याच्या जागा मुलांना आपोआप दिसतात, आणि त्या बहुधा बिबट्या 'दिसलेल्या' जागांशी जुळतात की नाही हे तपासता येते. न जुळल्यास का जुळत नाही, हा पुढचा प्रश्न. मग नकाशा घेऊन मुलांनी ग्रामसभेत जायचे. तिथे त्यांना कळेल की बंद पडलेला दिवा बदलायला अर्ज लागतो, अर्जावर ठराव लागतो आणि ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात.